चौकाचं माप

घराचा नकाशा काढायला बसलं की हात आपोआप खोल्यांकडे वळतो. आधी स्वयंपाकघर, मग झोपायच्या खोल्या, मग जिना. सगळं बसवून झाल्यावर मध्ये जी उघडी फट उरेल तिला चौक म्हणायचं. माझा पहिला नकाशा असाच झाला. चौकटीच्या कागदावरचा तो आठ बाय आठ फुटांचा चौक मी मोठ्या कौतुकानं आर्किटेक्ट मैत्रिणीला दाखवला. ती म्हणाली, "हा चौक नाही, डक्ट आहे. पाइप तेवढे काढायचे राहिलेत."

तिचं म्हणणं, चौक आधी काढायचा आणि घर त्याच्या कडेनं. पुन्हा नुसती लांबी-रुंदी बघून भागत नाही, भोवतालच्या भिंती किती उंच हेही बघायचं. बैठ्या घरात ऐसपैस वाटणारा चौक वर मजला चढवला की विहीर होतो. उष्ण हवेत अरुंद, खोल चौक बरा, कारण तो सावली देतो. थंडीच्या मुलखात मात्र तो रुंद लागतो, नाहीतर हिवाळ्यातलं कलतं ऊन तळाला पोचतच नाही.

गारव्याचं कोडंही तिनंच सोडवलं. रात्री छप्पर आणि फरशी आपली उष्णता उघड्या आभाळाला देऊन टाकतात. त्यांना लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि चौकात उतरून साठते. सकाळी दारं उघडली की तीच खोल्यांत शिरते. आभाळ भरून आलेल्या, दमट रात्री हे फारसं जमत नाही, हेही तिनं लपवलं नाही.

मी बारा बाय बाराचा चौक आखला आणि घरात लचकेतोड सुरू झाली. नवऱ्याला चार फूट अडगळीच्या खोलीसाठी हवे होते. मुलाला स्वतःची खोली मोठी हवी होती. ती कुठून मोठी होणार, हे उघडच होतं. शेवटी, "वरून काच टाकू, म्हणजे जागा वाया जाणार नाही," अशी तडजोड पुढे आली. काच टाकली की ऊन आत येतं आणि गरम हवा बाहेर जायची थांबते. मग त्याला सरळ हॉल म्हणावं आणि पंखा लावावा.

सासूबाईंची शंका वेगळी होती. "म्हणजे पावसात घरातल्या घरात छत्री घेऊन फिरायचं का गं?"

तसं घर आहे. तादाओ आंदो या आर्किटेक्टनं 1976 साली जपानमध्ये ओसाकाच्या सुमियोशी भागात बांधलेलं. जेमतेम साडेतीन मीटर रुंदीची चिंचोळी जागा. तिचे तीन भाग करून मधला त्यानं चक्क उघडा ठेवला. पुढच्या बैठकीतून मागच्या स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात जायचं तर आभाळाखालूनच जावं लागतं. पाऊस असेल तर छत्री. त्या घराला पुढे वास्तुरचनेचा मोठा पुरस्कारही मिळाला. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "पुरस्कार देणाऱ्यांना रात्री उठावं लागत नसेल." मी मुकाट्यानं चारी बाजूंनी चार-चार फुटांची ओसरी वाढवली.

पाण्याचा हिशेब मात्र मी स्वतः मांडला, आणि चरकलेच. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. चौक तेरा चौरस मीटर, त्यात आतल्या बाजूला उतरणारं चाळीसेक चौरस मीटर छप्पर. तासाभरात पन्नास मिलिमीटर कोसळला तर सव्वीसशे लिटरच्या वर पाणी घराच्या पोटात. पाँपेई या प्राचीन रोमन शहरातल्या घरांमध्ये छपराच्या पाखी अशाच आत उतरायच्या, पण पागोळ्यांचं पाणी मधल्या उथळ हौदात झेलून जमिनीखालच्या टाक्यात साठवायची सोय त्यांनी केली होती. आम्हीही टाकी धरली. चौक दोन पायऱ्या खाली, फरशीला ढाळ आणि एका कोपऱ्याऐवजी दोन कोपऱ्यांत जाळ्या. कारण मध्ये झाड लावायचंच यावर सगळ्यांचं एकमत आहे, आणि जाळी तुंबवायला एक पान पुरतं.

खिडक्यांवर दोन संध्याकाळी गेल्या. चौकाच्या घरात सगळ्यांना सगळे दिसतात, हा गुण आणि हाच जाच. ओट्यापाशी उभं राहून मुलाच्या खोलीतला दिवा दिसावा, असं मला वाटतं. त्याला नेमकं तेच नको आहे. शेवटी त्याची खिडकी तीन फूट सरकवली. दिवा दिसणार नाही, पण त्याचा उजेड ओसरीच्या खांबावर पडेल. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात जागेवर चुन्यानं रेघा मारल्या. कागदावर भरपूर वाटणारी प्रत्येक खोली रेघेत एवढीशी दिसत होती. नवरा दोनदा अडगळीच्या खोलीत शिरून बाहेर आला. सासूबाईंना उभं राहवेना, म्हणून खुर्ची आणली. त्यांनी ती बरोबर चौकाच्या मध्यावर ठेवायला लावली आणि तिथूनच आम्हाला आपापल्या खोल्यांत उभं राहायला सांगितलं. भिंती नव्हत्याच, त्यामुळे कुणालाच ओरडावं लागलं नाही.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "झाड जरा कडेला घ्या. नाहीतर मला खुर्ची कुठे ठेवता येईल?"

झाड सरकलं की ढाळ बदलतो. ढाळ बदलला की जाळ्या. कागद पुन्हा काढला आहे.