ओहोटीची वेळ आणि लेकीची झोप

बडोद्याहून भावनगरला वासद-तारापूर-वटामणमार्गे सरळ रस्ता आहे, साधारण दोनशे किलोमीटरचा. तरी आम्ही उलट्या दिशेला, सुरतेकडे निघालो. पुस्तकातल्या जहाजावर बोट ठेवून "मी बसू?" असं रोज विचारणाऱ्या दोन वर्षांच्या लेकीला खऱ्या जहाजात बसवायचं होतं.

२०१७ साली दहेज ते भावनगरजवळचं घोघा अशी फेरी बोट सुरू झाली तेव्हा आम्हा बडोदेकरांना ती किती जवळ होती! पण दहेजला गाळ साचत राहिला आणि ती बंद पडली. नोव्हेंबर २०२० पासून सुरतेजवळच्या हजीऱ्याहून बोट सुटते. रस्त्याने ३७० किलोमीटर पडणारं घोघा समुद्रातून ९० किलोमीटरवर येतं, त्यामुळे खरी सोय झाली ती सुरतकरांची. आम्ही आदल्या रात्री सुरतेला मुक्काम केला. लहान मूल असेल तर तो करावाच. पहाटे तीनला उठवून गाडीत घातलेलं मूल बोटीवर समुद्र बघत नाही, रडतं.

गाडी खालच्या मजल्यावर लावून आपण वर जायचं. लेकीला कडेवर घेण्याच्या गडबडीत मेतकूट-भाताचा डबा माझ्याकडून गाडीतच राहिला आणि बोट सुटल्यावर खाली जाता येईना. केळ्यांवर भागवलं. डबा, डायपर, कपड्यांचा जास्तीचा जोड आणि कानटोपी एकाच पिशवीत भरून ती आधी खांद्याला लावा, मग मुलाला उचला. वर वारा फार असतो.

पाणी निळं नव्हतं. नर्मदा, तापी, मही, साबरमती, सगळ्यांचा गाळ याच खंभातच्या आखातात येतो. लेकीला त्याचं काहीच नव्हतं. काचेला नाक लावून ती तासभर गढूळ लाटा बघत राहिली आणि मग माझ्या मांडीवर झोपली.

दुसऱ्या दिवशी भावनगरजवळच्या कोळियाकला निष्कलंक महादेव. पाण्यातली पाच शिवलिंगं ओहोटीलाच उघडी पडतात, त्यामुळे सगळी आखणी तिथूनच करायची. सासूबाई रत्नागिरीच्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा त्यांचा हिशेब. "आज चतुर्दशी, साडेदहाला भरती. तेव्हा कुठे नेतेस पोरीला?" मी भावनगरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक दाखवलं: दहाच्या सुमारास ओहोटी! "आई, तुमचा हिशेब कोकणचा. इथे आखातात आतपर्यंत पोचायला भरतीला काही तास लागतात." त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "चल तर."

मी ती वेळ निवडली आणखी एका कारणाने. लेक एकला झोपते. दहाला ओहोटी म्हणजे दर्शन, जेवण आणि झोप, तिन्ही नीट बसतात. ओहोटी दुपारी असती तर मी तो दिवस सोडला असता. इथे मोठ्या भरतीला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं. थकलेल्या मुलाला घेऊन वेळेशी शर्यत लावायची ती जागा नाही. पाणी वळायच्या आत आम्ही किनाऱ्यावर परतलो होतो.

झोप झाल्यावर चारला पुन्हा गेलो. सकाळी ज्या ओल्या वाळूवर लेक आजीचं बोट धरून चालली होती, तिथे समुद्र होता. वर फक्त ध्वज दिसत होता. लेक बराच वेळ गप्प राहिली. मग आजीचा पदर ओढून म्हणाली, "बाप्पा आंघोळ करतोय."