पाचवं मशीन

घाटकोपरला मेट्रोत शिरतोय तोच फोन. "दादा, सगळे रेंडर पडतायत. जीपीयूच सापडत नाही म्हणतंय." चकाल्याला उतरेपर्यंत असे आणखी दोन.

स्टुडिओत रेंडरची, म्हणजे थ्रीडी दृश्यांच्या फ्रेम जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डावर) काढणारी, पाच मशीनं आहेत, सगळी उबंटू २२.०४ या लिनक्स सिस्टिमवर. चारांवर एनव्हिडिया-एसएमआय (ग्राफिक्स कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) चालवलं की एकच रड: ड्रायव्हर आणि लायब्ररीचं व्हर्जन जुळत नाही. पाचवं मात्र रात्रीपासून निवांत फ्रेम काढत होतं. "तेवढंच एक धड आहे," कंपोझिटिंगची ताई म्हणाली.

ॲप्टचा, म्हणजे उबंटूवर पॅकेजं टाकणाऱ्या-बदलणाऱ्या प्रोग्रॅमचा, हिस्टरी लॉग उघडला. उबंटूचं आपोआप होणारं अपडेट सकाळी सहानंतर तासाभरात कधीतरी सुटतं, म्हणून प्रत्येक मशीनवर वेळ वेगळी. पण ड्रायव्हर पाचही ठिकाणी बदललेला. धड असलेल्या पाचव्यावरसुद्धा! ड्रायव्हरचे दोन भाग: प्रोग्रॅम वापरतात ती लायब्ररी, आणि कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, बसणारं मॉड्यूल. म्हणजे डिस्कवर लायब्ररी नवी आणि कर्नलमध्ये मॉड्यूल अजून जुनंच. आता सुरू होणारा प्रोग्रॅम नवी लायब्ररी घेतो आणि जुन्या मॉड्यूलपाशी अडतो. पाचव्यावरचा ब्लेंडर, म्हणजे रेंडर करणारा प्रोग्रॅम, रात्रीच सुरू झालेला, जुनी लायब्ररी मेमरीत धरून बसलेला. तो एकदा बंद पडला की संपलं.

चार मशीनं रीस्टार्ट केली, दहा मिनिटांत कामाला लागली. मागे वळून बघतो तर नवा मुलगा उत्साहाने पाचव्याच्या बटणापाशी! मी इतका ओरडलो की चहावाला पोरगा दारातच थबकला. मग मॉनिटरवर कागद चिकटवला: 'हात लावू नये'. सत्यनारायणाच्या प्रसादाला जपावं तसं ते मशीन संध्याकाळपर्यंत जपलं.

साडेसहाला शेवटची फ्रेम आली. रीस्टार्ट केलं, आणि स्क्रीन आली ती बटबटीत, मोठाल्या अक्षरांची. म्हणजे ड्रायव्हर चढलाच नव्हता. इथे मात्र चूक सर्वस्वी माझी. हे मशीन मी गेल्या वर्षी घाईत उभं केलं होतं. कर्नलचं पॅकेज टाकलं, हेडर्सचं (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फायलींचं) राहिलं. अपडेटमध्ये नवं कर्नलही आलेलं, पण हेडर्सच नाहीत म्हटल्यावर डीकेएमएस, म्हणजे मॉड्यूल आपोआप बांधणारं साधन, त्याच्यासाठी मॉड्यूल बांधणार कशातून? हेडर्स टाकले, मॉड्यूल बांधलं गेलं, पुन्हा रीस्टार्ट.

निघताना पाचही मशीनांवर ड्रायव्हर आणि कर्नल दोन्ही होल्डवर टाकले, म्हणजे आपोआप बदलणार नाहीत. त्यामुळे सुरक्षेची अपडेटंही अडतात, हे माहीत आहे. म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी, रेंडरची रांग रिकामी करून, ड्रायव्हर आणि कर्नलची अपडेटं स्वतः करायची. ताईला सांगितलं तर म्हणाली, "शनिवारी? मग वडापाव तू आणायचे."