गोळा मध्यावर येईपर्यंत

आज प्रवासाचा चौथा दिवस. मैत्रिणीच्या आग्रहावरून सकाळचे अडीच तास आम्ही कुंभारकामाच्या प्राथमिक वर्गाला दिले. गेल्या गेल्या चाकावर बसायला मिळेल, अशी माझी समजूत होती. परंतु शिक्षिकेने पहिला अर्धा तास आमच्याकडून केवळ माती मळून घेतली. ओलावा सगळीकडे सारखा व्हावा आणि आत अडकलेली हवा निघून जावी, म्हणून माती मळायची असते. ते कारण मला खरे पटले ते नंतर, जेव्हा माझ्या गोळ्यात राहून गेलेली एक घट्ट गाठ चाकाच्या प्रत्येक फेरीला बोटाला लागू लागली.

गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणणे हेच या कामातले सर्वांत कठीण पाऊल आहे, असे मला वाटते. कोपरे मांड्यांवर टेकवून, ओल्या तळव्यांनी एका बाजूने आणि वरून सारखा दाब द्यायचा. पाणी कमी पडले की हात अडखळतो आणि जास्त झाले की माती मऊ पडून खचते. मी खांद्यांतून जोर लावत होते, त्यामुळे गोळ्याबरोबर माझे हातही हेलकावत होते. "मातीच्या मागे जाऊ नका, हात एका जागी ठेवा, माती तुमच्याकडे येईल," असे शिक्षिका म्हणाल्या. मैत्रिणीने डोळे मिटून घेतले आणि काही क्षणांत तिचा गोळा फिरत असूनही थांबल्यासारखा दिसू लागला. तिला इतकी शांत मी आजवर पाहिली नव्हती.

माझ्या भांड्याची भिंत वर ओढताना काठाशी बसली. शिक्षिकेने ते तारेने उभे कापून आम्हाला दाखवले: बुडाशी भिंत बोटभर जाड होती आणि वर कागदासारखी पातळ. चूक इतकी स्पष्ट दिसल्याचे मला समाधान वाटले.

मैत्रिणीची वाटी मात्र टिकली. ती सावकाश सुकेल, अर्धवट वाळल्यावर तिचे बूड तासले जाईल आणि मगच ती भट्टीत जाईल, कारण आत ओल राहिली तर तिची वाफ होऊन भांडे फुटू शकते. सुकताना आणि भाजताना ती आकाराने थोडी लहानही होईल. भट्टीचे तापमान सुमारे 600 अंशांच्या पुढे गेले की मातीच्या घडणीतले पाणीही निघून जाते, आणि तिचा पुन्हा चिखल होऊ शकत नाही. आम्हाला तितके दिवस थांबता येणार नाही, म्हणून वाटी नंतर टपालाने येईल. माझे दोन्ही तुकडे मी स्वतः उरलेल्या मातीच्या बादलीत टाकले.

उद्या दुपारी निघायचे असल्याने सकाळ मोकळी आहे. शिक्षिकेने एक चाक रिकामे ठेवले आहे. भांडे करायचे नाही, फक्त गोळा मध्यावर आणायचा, असे मी मैत्रिणीला सांगितले, आणि तीही शेजारी बसायला येणार आहे.