तुम्ही विचारलंत म्हणून: सरळ का नाही बोलत?

"आंटी, दिमाग का दही हो गया, आप मराठी लोग सीधी बात सीधे क्यों नहीं बोलते?" हे मला इथे ग्वाल्हेरात सारखं कोणीतरी विचारतं. शेजारच्या भाभी विचारतात, सूनबाईच्या मैत्रिणी विचारतात, आणि रविवारी माझ्याकडे मराठी शिकायला येणारी पोरं तर अलंकारांचा धडा आला की हमखास, काकू हे रूपक नि लक्षणा शिकून करायचं काय, कुठे लागतं हे? बरं, विचारणाऱ्याच्या डोक्यात काही खरंच दही विरजलेलं नसतं, पण ते जाऊ दे.

तर सांगते, जरा लांबेल.

आपण पडलो ग्वाल्हेरचे, पानिपत आपल्याला फक्त पुस्तकातलं नाही. शिंद्यांचे जनकोजी, तुकोजी त्यात गेले, महादजी जखमी झाले ते जन्मभर लंगडत राहिले, आणि राणेखान या भिस्त्यानं, म्हणजे पखालीनं पाणी वाहणाऱ्यानं, त्यांना बैलावर घालून बाहेर काढलं नसतं तर ग्वाल्हेरातल्या लष्कर नि बाडा या आमच्या वस्त्या कुठून यायच्या. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली, नानासाहेब पेशवे तेव्हा मदत घेऊन उत्तरेकडे निघालेले, माळव्यात पोचलेले, आणि पुढे काय झालं त्याचा पत्ता नाही. तेवढ्यात सावकारांचा एक जासूद हाती लागला, त्याच्याजवळच्या चिठ्ठीत होतं की दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये नि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार, आणि रुपये नि खुर्दा, म्हणजे चिल्लर, ही बाकीची सगळी माणसं.

आता हे 'सीधे' लिहिता आलं असतं की! पण वाटेत कोणी चिठ्ठी फोडली असती तर? फोडणाऱ्याला दिसला असता पेढीचा हिशोब, आणि ज्याला कळायचं त्याला कळलं असतं की अख्खी फौज गेली. हा झाला उपयोग. पण मला त्यात जास्त लागतं ते शेवटचं, 'गणती नाही'. लिहिणारा सावकार आहे, पै-पैचा हिशोब ठेवणारा माणूस, आणि तो म्हणतोय मोजता येत नाही. 'खूप माणसं मेली' यानं हे होत नाही. आणि त्यानं काही कमळं नि चंद्र शोधले नाहीत, रोज हाताखालून जात होतं तेच उचललं.

लक्षणा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याला चिकटलेला दुसरा अर्थ घेणं. ती शिकवताना पुस्तकात उदाहरण असतं, पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली. पोरं पाठ करतात, बांगडी म्हणजे बांगडी घालणाऱ्या बायकांचे नवरे, झालं, दोन मार्क. मी म्हणते थांबा जरा. रणांगणावर एकही बांगडी नव्हती असं नाही, बायका होत्याच की बरोबर, पण हे वाक्य त्या बांगड्यांचं नाहीच, हे घरी राहिलेल्यांचं आहे. मेले पुरुष आणि मोजल्या बायका. शिवाय आपल्या घरात बांगडी फुटली असं कोणी म्हणतं का? माझी सासू लगेच ओरडायची, फुटली म्हणू नये, वाढवली म्हण. कुंकू वाढवतात, दुकान वाढवतात, नारळसुद्धा वाढवतात. इतकं जपणाऱ्या भाषेनं इथे मात्र सरळ 'फुटली' ठेवलं, कारण इथे वाढवण्यासारखं उरलं नव्हतं. म्हणजे बघा, आडून बोलायचं कुठे आणि ते पांघरूण काढायचं कुठे, दोन्ही एकाच वाक्यात.

शास्त्रवाल्यांनी याचेही नियम केलेत. काश्मीरचा मम्मट, अकराव्या शतकातला, तो म्हणतो की लक्षणा व्हायला आधी सरळ अर्थ अडला पाहिजे, नवा अर्थ जुन्याला कुठेतरी चिकटलेला पाहिजे, आणि एकतर तो लोकांत रुळलेला पाहिजे नाहीतर त्यामागे काही हेतू पाहिजे. 'बाबा ताटावर बसले' यात रुळलेलं आहे, कोणाला हसू येत नाही. मॅचच्या बातमीत 'अमक्या टीमचं पानिपत' येतं तेही आता रुळलंय, त्यात रक्त राहिलं नाही. मला पूर्वी राग यायचा त्याचा, आता नाही येत, झिजतातच शब्द.

व्यंजना याच्या पुढची, तिथे सरळ अर्थ अडतही नाही, त्याच्या आडून दुसरं काही सुचवलेलं असतं. 'सूर्य मावळला' हे जुनं उदाहरण, ऐकणाऱ्यागणिक वेगळं. आमच्याकडे सासूबाई ओट्यावरून फक्त म्हणायच्या, "दिवेलागण झाली हो!" मी ऐकायची की देवापाशी दिवा लाव, पोरं ऐकायची की खेळ बंद, आणि चारपासून गप्पा मारत बसलेल्या पाहुण्या पदर सावरून उठायच्या. तीन कामं झाली आणि कोणाला काही बोलल्याचा आरोप नाही. एकत्र कुटुंबात हे जमत नसेल तर रोज भांडणं.

सगळीकडे चालतं का, तर मुळीच नाही. डॉक्टरकडे जाऊन 'पोटात कावळे कोकलतात' म्हणू नका, किती वाजता नि कुठे दुखतं ते सांगा. कर्ज मागायला आलेल्याला 'बघू, सध्या जरा ओढाताण आहे' म्हणायची आपली सवयही मला आवडत नाही, तो बिचारा परत परत येत राहतो.

आणि शाळेतले निबंध तर विचारूच नका. मोत्यासारखं अक्षर, हरणासारखे डोळे, आणि यातल्या एकानंही हरणाचे डोळे जवळून बघितलेले नसतात. मागे 'माझी आजी' लिहायला दिलं तर पाचवीतल्या एका मुलीनं लिहिलं, आजीचा हात कुलरच्या वाळ्यासारखा लागतो, खरखरीत पण गार. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात दुपारी कुलरपुढे बसलेल्या पोरीलाच सुचणार हे. तिची आई वही घेऊन आली, म्हणे काकू, हे काय, आजींना वाईट वाटेल, 'मायेचा हात' असं लिहून द्या ना.

मी म्हटलं, अजिबात खोडायचं नाही.