पौर्णिमेची ओहोटी आणि आग्वादचं तोंड

कॅटामरान म्हणजे दोन नावा जोडून केलेली शिडाची बोट. अर्ध्या दिवसाची फेरी म्हणजे दोर सोडल्यापासून दोर बांधेपर्यंत चार तास. पणजीहून निघालं तर त्यातला पाऊण तास मांडवीतून बाहेर पडण्यात जातो आणि तेवढाच परत येण्यात. शिडावर चालायला मिळतं ते उरलेल्या अडीच तासांत. कोल्हापुरातून गट नेताना हा हिशेब मी सगळ्यात आधी मांडतो, कारण इथून निघणारा माणूस घाटाचा वेळ धरतो, पाण्याचा धरत नाही.

पौष पौर्णिमेला शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्याचं कुटुंब घेऊन गेलो होतो. चौदा माणसं, त्यात तीन मुलं. बोट साडेआठची ठरली होती. रात्री तीनला निपाणी-आजरा-आंबोली मार्गे निघालो, पण आंबोली घाटात वळणावर एक ट्रक आडवा बंद पडला आणि जेटीवर पोहोचेपर्यंत अकरा चाळीस झाले. त्या बोटीला दुपारचं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मालकानं बारा ते चार अशी वेळ बदलून दिली. पैशाचा प्रश्न तिथंच मिटला, पाण्याचा मात्र सुरू झाला.

हिवाळ्यात या किनाऱ्यावर सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. साडेआठला निघालेली बोट त्याच वाऱ्यावर अलगद बाहेर जाते. अकराच्या सुमाराला वारा पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो, तो बोटीला परत आत आणतो. सकाळच्या फेरीची सगळी मजा या अदलाबदलीत आहे. बाराला निघालेल्याला तोच खारा वारा तोंडावर घ्यावा लागतो.

त्यात पौर्णिमा. घरी दिनदर्शिका असेल तर भरतीची वेळ कुणालाही काढता येते: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा ठोकताळा मुंबईच्या बाजूचा. गोव्यात भरती त्याच्या थोडी आधी येते, आणि तिथल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्याही नसतात, म्हणून निघण्याआधी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहायचंच. अंदाज बांधायला तिथी पुरते. आम्ही पोहोचलो तेव्हा उधाणाची भरती संपून ओहोटी लागली होती. सगळी मांडवी समुद्राकडे ओढत होती आणि वारा समुद्राकडून आत येत होता.

नदीच्या मुखाशी, आग्वाद आणि काबो या दोन टोकांमधल्या उपसागरात, वाळूचा उथळ पट्टा आहे. त्याला बार म्हणतात. पावसाळ्यात हाच बार बंद झाला की खनिजाचे बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत जायचे. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारा वारा या उथळ पट्ट्यावर समोरासमोर आले की लाटेची लांबी आखडते आणि तेवढंच पाणी उंच उभं राहतं. खोल पाण्यात जी लाट बोट सहज चढून उतरते, ती इथं भिंतीसारखी येते.

कॅटामरानला अशी आखूड लाट सोसत नाही. ही बोट सुमारे 12 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद, पाण्यात बुडणारा भाग फक्त 1.2 मीटर. दोन अरुंद नावा आणि त्यांना जोडणारा मधला सपाट डेक. डेकच्या पोटाखाली पाऊण मीटरभर मोकळी जागा असते. आखूड उभी लाट त्या पोटावर खालून आदळते आणि सगळी बोट हादरते. शिवाय साध्या शिडाच्या बोटीसारखी ही कलत नाही. पाहुण्यांना तेच आवडतं, पण कलणं ही वारा वाढल्याची सूचना असते आणि ती इथं मिळत नाही. म्हणून शीड कधी आखडायचं ते वाऱ्याच्या यंत्राकडे बघून ठरवतात. वारा 18 ते 20 नॉटवर गेला की पहिला पट्टा गुंडाळायचा, मग बोट कितीही स्थिर वाटो. त्या दिवशी वारा 15 नॉट होता, म्हणजे ताशी 28 किलोमीटर. शिडाला चांगला, बारवर वाईट.

कॅप्टननं बाहेर जाणार नाही असं सांगितलं. घरातले थोरले काका उठले. "पहाटे तीनपासनं गाडीत बसलोय, आणि आता नदीतच फिरवून आणणार व्हय?" त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. पण बोटीवर शेवटचा शब्द कॅप्टनचा, हे करारात लिहिलेलं असतं आणि ते लिहिलेलंच असावं. जिथं ते नसतं, तिथं गिऱ्हाइकाच्या आग्रहाला बळी पडणारा माणूस सुकाणूवर असतो. मी काकांना पुढं नेऊन दुर्बीण दिली. लांबून बारवर पांढऱ्या रेघा फुटताना दिसत होत्या. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग आत काय काय हाय ते तरी दाखवा."

आत भरपूर आहे. आग्वादचा डोंगर उपसागराच्या उत्तरेला असल्यानं वायव्येच्या वाऱ्यात त्याच्या पायथ्याशी लाट उठत नाही, वारा मात्र डोंगरावरून खाली उतरून मिळतो. 1551 चा रेइश मागुशचा किल्ला, मग 1612 चा आग्वादचा, पाण्याकाठचा जुना तुरुंग, वर 1864 चा दीपस्तंभ. या किनाऱ्याला समांतर, वारा बाजूनं घेत, शिडावर सात नॉटनं येरझाऱ्या झाल्या. मुलं पुढच्या जाळीवर लोळत होती. तिथं एका वेळी चारच माणसं बसवायची; सगळे पुढं गेले की दोन्ही नावांची नाकं, म्हणजे पुढची टोकं, जड होऊन पाण्यात घुसतात.

वळताना कॅप्टन घाई करत नव्हता. कॅटामरान हलकी असते. वेग कमी असताना नाक वाऱ्यातून फिरवलं तर मध्येच अडकून मागं सरकू लागते. आधी वेग घ्यायचा, मग सुकाणू हळू फिरवायचं, आणि पुढचं शीड उलट्या बाजूनं भरेपर्यंत त्याचा दोर सोडायचा नाही.

दोनच्या सुमाराला शीड उतरवून इंजिनावर नेरुळच्या बाजूला येताना खलाशाचं लक्ष मागं गेलं. उजव्या इंजिनाच्या धुराड्यातून पाणी पडत नव्हतं. ही इंजिनं समुद्राच्या पाण्यानं थंड होतात आणि वापरलेलं पाणी धुराबरोबर बाहेर थुंकतात. ते थांबलं की मिनिटभरात पंपाची रबरी पाती जळू लागतात. उधाणाची भरती काठावरचा कचरा उचलते आणि ओहोटी तो पात्रात आणते. कारण तेच होतं.

इंजिन लगेच बंद केलं. एकाच इंजिनावर ही बोट एका अंगाला ओढते, म्हणून आडोशालाच नांगर टाकला. पाणी चार मीटर, त्यात नाकाची उंची एक मीटर. पाचपट म्हणजे 25 मीटर साखळी सोडली. साखळीपासून दोन्ही नाकांना एकेक दोर बांधला, नाहीतर एवढी रुंद बोट नांगरावर झुलत राहते. मग समुद्राचं पाणी इंजिनाला देणारा खालचा झडप-नळ बंद करून गाळणी उघडली. आत दुधाच्या पिशवीचे तुकडे होते. पंपाचं झाकण काढलं तर सहापैकी दोन पाती तुटलेली. तुटलेले तुकडे पुढच्या नळीतून शोधून काढावे लागतात, नाहीतर नवा पंप घालूनही पाणी अडतं. सुटा भाग बोटीवर होता. अर्ध्या तासात धुराड्यातून पाणी पडलं. हेच बारवर झालं असतं तर उभ्या लाटेत, एका इंजिनावर, बोट आडवी होऊ न देणं हेच मोठं काम होऊन बसलं असतं.

तेवढ्यात जेवण उरकलं. कोल्हापूरकर रस्सा मागतात. चालत्या बोटीवर उघडा रस्सा चालत नाही. सुकं मटण आणि चपात्या न्याव्यात. भडंग झाकणाच्या डब्यात ठेवावं, सांडलेले कुरमुरे बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या गाळणीत जाऊन बसतात. पहाटे तर्रीची मिसळ खाऊन घाट उतरलेले दोघे आडोशातही आडवे झाले होते. उलटीची गोळी त्रास सुरू व्हायच्या तासभर आधी घ्यायची असते, नंतर ती पोटात टिकत नाही. कोल्हापुरी चप्पल जेटीवरच्या टोपलीत काढायची. ओलं चामडं घसरतं.

त्याच कुटुंबानं आता माघ शुद्ध अष्टमी धरली आहे. आठाची पाऊणपट सहा, गोव्यात त्याच्या थोडं आधी. म्हणजे सकाळभर ओहोटी आणि मतलई वारा दोन्ही बाहेर नेतील, दुपारी भरती आणि खारा वारा दोन्ही आत आणतील. वारा आणि पाणी एका दिशेला, त्यात अष्टमीची भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती, म्हणून ओढही कमी. घाट आदल्या दिवशी उजेडी उतरायचा आणि मुक्काम सावंतवाडीत.