लुई नावाची माणसं

शाळेत फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात सोळावा लुई यायचा आणि मागच्या बाकावरनं कुणीतरी हमखास विचारायचं, मग आधीचे पंधरा कुठे गेले? सरांनी कधी उत्तर दिलं नाही, पण प्रश्न मात्र रास्त होता. एकाच नावाला एवढं धरून बसलेलं दुसरं राजघराणं शोधावंच लागेल. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, बाजीरावाचा नातू दुसरा बाजीराव, इतपत ठीक आहे, पण सोळा?

तर हे नाव मुळात फ्रेंच नाहीच. फ्रँक नावाच्या जर्मानिक टोळ्यांचं आहे. त्यांचा एक राजा होता, ४८१ साली गादीवर आला तेव्हा जेमतेम पंधराएक वर्षांचा, क्लोडोवेख असं काहीतरी घशातून काढायचं नाव. अर्थ लढाईत नाव कमावलेला. त्याचंच पुढे क्लोव्हिस झालं, मग सुरुवातीचा तो खरखरीत क गळाला आणि उरलं लुई. तिकडे जर्मनीत लुडविग, इटलीत लुईजी, आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेला लुईश, सगळे एकाच घरातले. गंमत म्हणजे लुईंची मोजणी करताना क्लोव्हिसला कुणी धरतच नाही, नाव तेच असूनसुद्धा!

मोजणी सुरू होते फ्रँकांचाच पुढचा मोठा राजा शार्लमेन, त्याच्या मुलापासून. शार्लमेनच्या बापानं ७५१ मध्ये क्लोव्हिसच्या वंशजांना हटवून गादी घेतली होती. ७७८ मध्ये शार्लमेनला जुळी मुलं झाली तर त्यानं नावं ठेवली लुई आणि लोथार, म्हणजे ज्या घराण्याची गादी घेतली त्यांच्याच दोन मोठ्या राजांची नावं. गादी घेतलीच आहे तर नावंही घेऊया, असा हिशोब असावा. लोथार लहानपणीच गेला, लुई जगला आणि पहिला लुई झाला. नंतर नववा लुई तर १२९७ मध्ये चक्क संत ठरला, मग काय, नावाला पुण्यपण चिकटलं. अजूनही फ्रान्समध्ये २५ ऑगस्ट हा लुई नावाच्या माणसांचा दिवस.

मला सगळ्यात जास्त चटका लावते ती १७१२ सालची गोष्ट. चौदावा लुई म्हातारा झालेला, एकूण ७२ वर्षं राज्य केलं त्यानं, त्यामुळे वारसांचं काय होणार हा मोठाच प्रश्न. मुलगा लुई १७११ मध्ये देवीनं गेला. नातू, तोही लुईच, १७१२ मध्ये गोवरानं गेला, बायकोपाठोपाठ काही दिवसांत. मागे दोन लहान पोरं, आणि त्या काळी राजघराण्यातल्या मुलांचा नाव ठेवायचा विधी निवांत, काही वर्षांनी व्हायचा, तोवर नुसती पदवी. दोघांनाही गोवर आला, घाई झाली, आणि एकाच दिवशी ८ मार्चला दोघांचं नाव ठेवलं गेलं. दोघांचंही लुई! सख्ख्या भावांना एकच नाव, कारण कुठला जगेल तो राजा होणार आणि राजा लुईच असला पाहिजे. मोठा त्याच दिवशी गेला, डॉक्टरांनी त्याचं रक्त काढलं होतं. धाकट्याला सांभाळणाऱ्या मादाम द व्हाँतादूरनं डॉक्टरांना त्याच्याजवळ फिरकूच दिलं नाही, तो वाचला. तोच पंधरावा लुई, आणि मॉरिशसच्या पोर्ट लुईला त्याचंच नाव. पुढे कोकणातनं मजुरीला गेलेली मराठी माणसं जहाजातून उतरली ती याच बंदरात.

सोळाव्याचं तर नावच काढून घेतलं. खटल्याच्या वेळी त्याला लुई कापे म्हणायला लागले, तर तो म्हणाला की कापे माझं नाव नाही, माझ्या एका पूर्वजाचं आहे. मान जायची वेळ आलीये आणि माणूस आडनावाची दुरुस्ती करतोय, मला तरी हे आवडतं. २१ जानेवारी १७९३ ला त्याला गिलोटिनवर चढवलं. पॅरिसमधल्या इल सँ-लुई या बेटाचं नावही क्रांतिकारकांनी बदलून बंधुत्वाचं बेट करून टाकलं होतं, अर्थात ते टिकलं नाही.

आणि एवढे राजे होऊनही आज आपल्याला रोज भेटतात ते लुई वेगळेच. दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड लिहिलेलं असतं तो लुई पाश्चर, चामडं कमावणाऱ्याचा मुलगा. आणि लुई ब्रेल, वडील घोड्यांची खोगिरं बनवायचे, तिसऱ्या वर्षी त्यांच्याच कारखान्यात आरी डोळ्यात गेली, पुढे दुसराही डोळा गेला. लष्करातल्या बार्बिए नावाच्या माणसाची बोटांनी चाचपून वाचायची, बारा उठावदार टिंबांची पद्धत होती, ती या पोरानं पंधराव्या वर्षी सहा टिंबांवर आणली, अख्खं अक्षर एका बोटाखाली मावलं पाहिजे म्हणून.

फ्रान्समध्ये १८०३ पासून कायदाच होता की मुलांची नावं कॅलेंडरमधल्या संतांची नाहीतर प्राचीन इतिहासातल्या माणसांचीच ठेवायची, तो पुरता ढिला झाला १९९३ मध्ये. मग नवी नवी नावं आली, परदेशी आली, आणि तरी गेली काही वर्षं लुई पुन्हा एकदम वरच्या पाच-सहा नावांत. आता काही राजेशाहीचं प्रेम उतू चाललंय असं नाही. छोटं नाव आहे, हाक मारायला सोपं, पणजोबांपैकी कुणाचं तरी असतंच, बास.