चाळीस सेकंदांची लेझीम

मध्यंतरी अकरा मिनिटांचा एक टेक माझ्या डोळ्यांदेखत बाद झाला. तांत्रिक चूक काहीच नव्हती. चार वर्षांत इंग्लंडातल्या लीड्समध्ये मी जे काही शूट केलं, त्यातला हा सगळ्यात चांगला टेक. आठ नर्तक, एक कॅमेरा, मध्ये कुठं कट नाही, आणि शेवटच्या मिनिटात एक मुलगी बाकीच्यांतून वाट काढत थेट लेन्सपर्यंत येते आणि तिथंच मटकन खाली बसते. तेवढ्यासाठी सकाळपासून सात वेळा सगळं पहिल्यापासून केलं होतं. सातव्यांदा जमलं. संध्याकाळी लॅपटॉपवर सगळे बघत असताना तीच मुलगी म्हणाली, "हा बाहेर जायला नको."

निर्माती म्हणाली, "बरं." आणि पुढच्या दिवसाचं वेळापत्रक काढून बसली.

आता विचारेल का म्हणून, मग मुलगी काहीतरी सांगेल, मग मी माझी बाजू मांडीन, अशी वाट बघत मी उभा होतो. कुणी काही विचारलं नाही. मला ते पचेना. नको म्हणण्याचा तिचा हक्क मान्य, पण निदान कारण तरी कळायला नको का? घरी जाताना बसच्या वरच्या मजल्यावर बसून मी मनातल्या मनात सगळ्यांशी भांडत होतो.

इथं शूटिंगच्या आधी प्रत्येक नर्तकाकडून कागद भरून घेतात. नुसती एक सही नसते. कंपनीच्या संग्रहासाठी पूर्ण प्रयोगाचं चित्रीकरण, थिएटरवाल्यांना खासगीत पाठवायची लिंक, जाहिरातीसाठी दीड मिनिटाचा ट्रेलर, सोशल मीडियावरचे तुकडे, या प्रत्येकासमोर वेगळी खूण करायची असते. या मुलीनं संग्रहासमोर हो लिहिलं होतं आणि बाकीच्या रकान्यांत 'पाहून सांगेन'. हा काही त्या कंपनीचा लाड नाही. इथल्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यातच आहे, की कलाकाराच्या संमतीशिवाय त्याचा प्रयोग चित्रित करता येत नाही. मला हे माहीत होतं. फक्त ते माझ्या चांगल्या टेकवर येऊन पडेल असं वाटलं नव्हतं.

बसमध्ये मला सारखी आपली बेळगावची शिवजयंती आठवत होती. वैशाखातली रात्र, एकामागून एक चित्ररथ, पुढं ढोल-ताशे, झांजपथक, लेझीम, आणि पहाट झाली तरी मिरवणूक अजून रामलिंग खिंड गल्लीतच. मी कॉलेजात असताना तीन वर्षं ती शूट केली. कुठल्या रकान्यात कुणी खूण केली? मारुती गल्लीतल्या एका काकूंनी, ज्यांचं नावही मला माहीत नव्हतं, खालून हाक मारून मला त्यांच्या गच्चीवर नेलं. ट्रायपॉडसाठी कुंड्या बाजूला केल्या, रात्री एकला चहा आणि दोनला पोहे दिले. पुढच्या वर्षी मी गेलो नाही तर विचारलं, "का आला नाहीस रे?" इथं एका सार्वजनिक हॉलमध्ये ट्रायपॉड उभा करायचा तर त्याला कुणी अडखळून पडेल का, याचा दोन पानी कागद आधी पाठवावा लागतो. त्या हॉलमध्ये मला चहा कुणी विचारलेला नाही. हे लिहिताना मी अन्याय करतोय हे कळतं. पण त्या रात्री वाटत होतं ते हेच.

आणि नाचाचा कान मला तिकडंच मिळाला, हे मी इथं छातीठोकपणे सांगतो. हलगीचा तोडा कुठं संपणार हे ज्याला लहानपणापासून अंगात कळतं, त्याला नर्तक उडी कधी घेणार हे फार सांगावं लागत नाही. कॅमेरा अर्धा क्षण आधी हलतो. इथल्या लोकांनी हे दोनदा बोलून दाखवलंय.

डोळा मात्र इथं तयार झाला. पहिल्याच कामात मी चेहऱ्यांवर झूम करत राहिलो. घाम, मिटलेले डोळे, मानेवरची शीर, सगळं सुंदर. नृत्यदिग्दर्शिकेनं पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "पाय कुठे आहेत?" मला वाटलं एखाद-दुसरा शॉट म्हणत असेल. तिनं सगळी फाइल चालवून दाखवली. चाळीस मिनिटांत डोक्यापासून जमिनीला टेकलेल्या पायांपर्यंत पूर्ण शरीर सलग मिनिटभरही दिसत नव्हतं. नाचणाऱ्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते दिसलं नाही तर वरच्या हाताला अर्थ उरत नाही, असं ती म्हणाली. नर्तक-अभिनेता फ्रेड अ‍ॅस्टेअरनं १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये हाच हट्ट धरला होता. नाचताना डोक्यापासून पावलापर्यंत अख्खा माणूस दिसला पाहिजे आणि होईल तितकं एकाच शॉटमध्ये. त्यामुळे ते नाच आजही मोजून शिकता येतात.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. एक कॅमेरा मागं, मधोमध, साधारण नर्तकाच्या कमरेच्या उंचीला, अख्खा रंगमंच धरून कायमचा बांधलेला. त्याला हात लावायचा नाही. दुसरा माझ्या हातात. आधी तालमीला जाऊन दोनदा नुसतं बघायचं, कोण कुठून येतं ते कागदावर लिहायचं. हात वर गेले तर बोटं कापली जाऊ नयेत इतकी डोक्यावर जागा सोडायची. लेन्स फार रुंद लावली की कडेचा नर्तक ताणल्यासारखा दिसतो, म्हणून शक्य तितकं लांबून शूट करायचं. एक्सपोजर स्वतः ठरवायचं, नाहीतर अंधारात एकच झोत पडला की कॅमेरा आपोआप अंधार उजळायला जातो आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा होतो. मिक्सरवरून संगीत घेतलं तरी रंगमंचाच्या कडेला एक माइक वेगळा, पावलांच्या आवाजासाठी. संकलनात उडी हवेत असताना कट नाही. नर्तक जमिनीवर येतो ते बघायला माणूस थांबलेला असतो.

पण हेही सगळं इथलंच म्हणायला मन घेत नाही. बेळगावात कुमार गंधर्व रंगमंदिरात मी एक अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यम शिकलेल्या मुलीचा पहिला जाहीर प्रयोग, शूट केलं होतं. त्या मुलीच्या गुरू कन्नड, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. तालमीला त्या माझ्या मागं उभ्या राहून सारखं म्हणत होत्या, "कालु तोर्सप्पा, कालु." पाय दाखव बाबा, पाय. अर्धमंडलात, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसतात तेव्हा, गुडघे किती उघडलेत, तट्टडवूचा, म्हणजे पाय आपटायच्या मूळ पदन्यासाचा, ठोका कसा पडतो, तेच तर बघायचं. मी मान डोलावली आणि डोळ्यांवर झूम केलं. तीच गोष्ट सात-आठ वर्षांनी साता समुद्रापलीकडं दुसऱ्या बाईंनी सांगितली तेव्हा मी वहीत लिहून घेतली.

तर, त्या टेकच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या सहकाऱ्याला सांगितलं, की आमच्याकडं असला कायदा-बियदा नसतो, माणसं माणसांवर विश्वास ठेवतात. तो म्हणाला, "नक्की?" एवढंच. रात्री मी शोधलं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ सालीच कलाकाराचा हक्क आलाय. संमतीशिवाय प्रयोगाचं चित्रीकरण करता येत नाही आणि हा हक्क पन्नास वर्षं राहतो. कलाकार म्हणजे कोण, तर अभिनेता, गायक, वादक, नर्तक, कसरती करणारा, जादूगार, आणि चक्क गारुडीसुद्धा. हे मी तीनदा वाचलं. आपल्या देशानं गारुड्यालाही विचारा म्हटलंय. अभिमान वाटला. आणि लगेच एक जुनी गोष्ट आठवून पोटात खड्डा पडला.

२०१३ ची शिवजयंती. सरकारी कागदावर तेव्हा बेळगावचं बेळगावी व्हायचं होतं. माझ्या मित्राची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला ताईच म्हणायचो, गल्लीच्या लेझीम पथकात पहिल्या रांगेत होती. मी तिचा चाळीस सेकंदांचा तुकडा काढला. नऊवारी, फेटा, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मला वाटलं आख्ख्या बेळगावानं बघावा. सकाळी फेसबुकवर टाकला. चार दिवसांत कुणीतरी त्याचा हलगीचा आवाज काढून त्यावर एक घाणेरडं गाणं लावलं आणि तो मोबाइलवरून फिरला. पथकातल्या पोरांकडं पोचला, मग तिच्या वडिलांकडं. पुढच्या वर्षी ती पथकात नव्हती.

मी मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं होतं. गाणं मी लावलं नव्हतं. कळल्यावर तासाभरात काढून टाकलं होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो. ही चारही वाक्यं खरी आहेत आणि इतकी वर्षं मी ती स्वतःला ऐकवत आलोय. तिला विचारलं होतं का, हे पाचवं वाक्य मी कधी केलं नाही. तिनं माझ्याकडं तक्रारही केली नाही. पथक सोडल्यावर रस्त्यात भेटली की तीच मला विचारायची, "काय करूलायस? जेवलास?"

मूळ तुकडा अजून माझ्या हार्ड डिस्कवर आहे. हलगीसकट.

मित्राकडून नंबर घेतला. ती आता निपाणीला असते. तीन वेळा लिहून खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं: ताई, २०१३ चा तो व्हिडिओ तुला न विचारता टाकला होता, माझं चुकलं. मूळचा माझ्याकडं आहे. तुला पाठवू का? ठेवू की पुसू, ते तू सांग.

दोन दिवस काही आलं नाही. मग: "पाठव." पाठवला. निळ्या खुणा झाल्या, आणि मग बराच वेळ काही नाही. मी स्टुडिओत केबल गुंडाळत होतो तेव्हा तिचा आवाजी संदेश आला.

"बघितलं रे. दोनदा बघितलं. ठेव तुझ्याकडं, पण कुणाला पाठवू नको. आणि पाय कुठं हायत? सगळी बैठक पायात होती की."

मी लिहिलं, की मी एका दुकानाच्या पायरीवर उभा होतो, पुढं माणसांच्या दोन रांगा होत्या, पाय दिसणं शक्यच नव्हतं.

"मग काकूंच्या गच्चीवर जायचं होतंस की," ती म्हणाली.